विंचवाचं विष, सशाचं रक्त आणि पोटॅशियमची वाट

बीड जिल्ह्यातलं तेलगाव बहुतेकांना माहीत असतं ते साखर कारखान्यामुळे. धारूर तालुक्यातल्या या गावात माजलगाव, धारूर, वडवणी आणि परळीकडचे रस्ते एकत्र येतात. एका अंगाला सिंदफणेवरचं माजलगाव धरण, दुसऱ्या अंगाला बालाघाटचे डोंगर. धरणाच्या पाण्यावर ऊस आणि डोंगराकडे मुरमाड, दगडगोट्यांची जमीन असा हा मुलूख. इथे बांधावरच्या सैल दगडांखाली, पाचटाच्या ढिगात, कोपीच्या कुडाला टेकवलेल्या सरपणात बोटाएवढा तांबूस-पिवळट प्राणी दिवसभर दडून बसतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. हा लाल विंचू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठतो तो हा लहान लाल. अंधारात त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकला तर तो हिरवट-निळा चमकतो. विंचवांचं कूळ पृथ्वीवर चाळीस कोटींहून अधिक वर्षं नांदतं आहे. माणूस, ऊस आणि कोयता फार नंतरचे.

या विंचवाला आपण ओळखतो, त्याला घाबरतो, त्याच्यावर उतारे शोधतो. पण त्याच्या विषातला एक कण जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला असतो, हे आपल्या गावीही नसतं. अमेरिकेत, जर्मनीत, जपानमध्ये रक्तवाहिन्या, मूत्राशय किंवा मेंदू यांच्यावर काम करणारे संशोधक हा कण विकत घेतात. आज तो बहुधा यंत्रावर किंवा जिवाणूंकडून तयार करून घेतला जातो, विंचू पकडावा लागत नाही. पण त्याचा नमुना आपल्या लाल विंचवाचाच आहे. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन.

१९९० साली अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी लाल विंचवाच्या विषातून तो वेगळा केला. हे अवघ्या ३७ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आहे. गंधकाच्या तीन बंधांनी ते असं घट्ट आवळलेलं असतं की सहजासहजी उलगडत नाही. विषातल्या अनेक घटकांपैकी हा एक. शरीरातल्या हजारो प्रकारच्या प्रथिनांतून तो एकच निवडतो आणि त्याच्या तोंडात बाटलीत बूच बसावं तसा जाऊन बसतो. ते प्रथिन म्हणजे पोटॅशियमची एक आयन वाहिनी. शास्त्रज्ञ तिला बीके म्हणतात.

आयन वाहिनी म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आधी पेशीचं आवरण पाहू. आपल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट रेणूंचा पडदा असतो. जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. या पडद्याच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं आणि बाहेर सोडियम. आतलं पोटॅशियम बाहेरच्या तुलनेत सुमारे तीसपट. ही तफावत आपोआप टिकत नाही. पेशी एक पंप अखंड चालवते, दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढते आणि दोन पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप ओळखला आणि चाळीस वर्षांनी त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपण स्वस्थ झोपलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर खर्च होत असतो.

या तफावतीमुळे पडद्याच्या दोन बाजूंत विजेचा दाब तयार होतो. मज्जापेशीत तो सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो. आकडा अगदी किरकोळ वाटतो, पण पडदा किती पातळ आहे ते ध्यानात घेऊन हिशेब करा. दर मीटरला जवळपास दीड कोटी व्होल्ट एवढं ते क्षेत्र भरतं. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात. हे वाचणाऱ्याच्या प्रत्येक मज्जापेशीच्या आवरणावर याच घडीला त्याच्या चार-पाचपट ताण आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही!

या पडद्यात आरपार बसलेली प्रथिनं म्हणजे आयन वाहिन्या. वेळ आली की त्या उघडतात, आयन धावत जातात, विजेचा दाब बदलतो आणि त्यातूनच हृदयाचा ठोका पडतो, हात हलतो, विचार पुढे सरकतो. उघडलेल्या एका वाहिनीतून सेकंदाला कोट्यवधी आयन जातात. आणि इतक्या घाईतही निवड चुकत नाही. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मोठा जिथून जातो तिथून लहान सहज जायला हवा, असं कोणालाही वाटेल. पण पोटॅशियमच्या वाहिनीतून हजारात एखादाच सोडियम निसटतो. याचं कारण १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी दाखवलं. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूची पोटॅशियम वाहिनी त्यांनी स्फटिकरूपात आणली आणि क्ष-किरणांनी तिची रचना उलगडली. पाण्यातल्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. वाहिनीत शिरताना ते उतरवावं लागतं. तिथे वाहिनीच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू नेमक्या अशा अंतरावर मांडलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव जाणवत नाही. सोडियम लहान असल्याने एकाच वेळी सगळ्या ऑक्सिजनांपर्यंत पोहोचत नाही. पाणी सोडणं त्याला परवडत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. या कामासाठी मॅकिनन यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानात मला जी मोजकी उत्तरं खरोखर सुंदर वाटतात, त्यातलं हे एक.

बीके ही पोटॅशियम वाहिन्यांतली मोठी वाट. पेशीत कॅल्शियम वाढलं आणि विजेचा दाब बदलला की ती उघडते आणि पेशीला शांत करते. धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, मूत्राशय उगाच आखडत नाही, मेंदूतल्या पेशी भलत्या वेगाने पेटत नाहीत, यात तिचा वाटा असतो. लाल विंचवाचा कण ती बंद करतो, म्हणून संशोधकांना तो हवा असतो. एखाद्या धमनीच्या तुकड्यावर आयबेरिओटॉक्सिन टाकलं आणि धमनी आवळली, तर तिथे बीके काम करत होती हे समजतं.

पण ती नेमकी कुठे बसली आहे? धमनीच्या स्नायूत की आतल्या अस्तरात? मेंदूच्या पेशीच्या देहावर की तिच्या लांबलचक शेपटाच्या टोकाला? आजारी माणसाच्या ऊतीत तिची संख्या घटली आहे का? विजेच्या मोजमापातून वाहिनी उघडल्याचं कळतं, तिचा पत्ता कळत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहावं, तर ती प्रकाशलहरीपेक्षा पन्नासपट लहान. तिला रंग नाही, खूण नाही, आणि शेजारी तिच्यासारखीच हजारो प्रथिनं. इथे शास्त्रज्ञ प्रतिपिंडाकडे वळतात. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. कोविडच्या दिवसांत हा शब्द घरोघरी पोहोचला.

शरीरात परकं काही शिरलं की त्याच्या एखाद्या बारीक भागाला चिकटणारं प्रथिन रक्तातल्या पेशी तयार करतात, ते प्रतिपिंड. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार आणि दोन बाहूंच्या टोकांना ओळखीची जागा. थक्क करणारी गोष्ट अशी की, पूर्वी कधी न भेटलेल्या, निसर्गात अस्तित्वातच नसलेल्या रेणूविरुद्धही शरीर प्रतिपिंड बनवू शकतं. जनुकांचे थोडेसे तुकडे उलटसुलट जोडून ते कोट्यवधी प्रकारची टोकं आधीच तयार ठेवतं आणि जे टोक जुळेल त्याच्या पेशी वाढवतं. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी हे दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९८७ सालचं नोबेल मिळालं.

हीच क्षमता प्रयोगशाळेने उसनी घेतली आहे. बीकेची साखळी हजाराहून अधिक अमिनो आम्लांची असते आणि अशा चार साखळ्या मिळून एक वाहिनी होते. तिच्यातला पंधरा-वीस अमिनो आम्लांचा असा तुकडा निवडायचा की जो दुसऱ्या कुठल्याही प्रथिनात नाही. तो यंत्रावर बनवायचा. एवढ्याशा तुकड्याची सशाचं शरीर दखल घेत नाही, म्हणून तो एका मोठ्या प्रथिनाला जोडतात. हे मोठं प्रथिन बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीच्या निळ्या रक्तातून आलेलं असतं. मग काही आठवड्यांच्या अंतराने सशाला टोचतात. दोन-तीन महिन्यांनी थोडं रक्त घेऊन त्यातला पिवळसर रस वेगळा करतात. त्यात सशाने आयुष्यभर जमवलेली इतर प्रतिपिंडंही असतात. म्हणून तोच तुकडा बारीक मण्यांवर बसवून रस त्यावरून सोडतात. हवी ती प्रतिपिंडं मण्यांना चिकटतात, बाकीची वाहून जातात. शेवटी संशोधकाच्या हाती येतात काही मायक्रोग्रॅम. नखाएवढ्या कुपीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा थेंब, आणि प्रवास बर्फातून.

दुसरा मार्ग उंदराचा. १९७५ साली सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी एकजीव केली. अशी जोडपेशी मरत नाही आणि कायम एकाच जातीचं प्रतिपिंड देत राहते. बीके ओळखणारं एल६/६० नावाचं असं प्रतिपिंड कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेतून आलं आणि जगभर वापरलं जातं. आपल्याकडे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे अनेक जातींच्या पेशी गोठवून जपल्या जातात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवल्या जातात.

आता हा थेंब कसा वापरतात ते जवळून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. उंदराच्या मेंदूचा मसुराएवढा तुकडा बर्फावर ठेवून वाटायचा. पेशींचे तेलकट पडदे साबणासारख्या द्रव्याने विरघळवायचे. इतर प्रथिनं उकळून घेतात. पडद्यातल्या प्रथिनांना जास्त तापवलं तर त्यांचे गोळे होतात, म्हणून जाणकार तंत्रज्ञ इथे उष्णता बेतानेच देतो. मग हे मिश्रण जेलीच्या पातळ वडीच्या वरच्या खाचेत भरून वीज सोडायची. लहान प्रथिनं भराभर खाली सरकतात, मोठी मागे रेंगाळतात. तासाभरात वजनाप्रमाणे रांग लागते. ही रांग जशीच्या तशी कागदासारख्या पातळ पटलावर उतरवून घ्यायची.

पटलाची रिकामी जागा कुठल्याही प्रथिनाला धरून ठेवते, प्रतिपिंडालाही. ती जागा आधी भरून टाकायला दुधाची भुकटी वापरतात. लाखो रुपयांची उपकरणं मांडलेल्या प्रयोगशाळेत कपाटात दुधाच्या भुकटीचा डबा असतो तो यासाठी. मग प्रतिपिंड हजारपट पातळ करून त्यात ते पटल रात्रभर थंडीत हलकं हलकं हलत ठेवायचं. सकाळी धुऊन दुसरं प्रतिपिंड घालायचं. हे शेळीचं असतं आणि सशाच्या प्रतिपिंडाला ओळखतं. त्याच्या अंगाला मुळ्याच्या कुळातल्या एका झणझणीत कंदातलं विकर जोडलेलं असतं. शेवटी रसायनाचे थेंब टाकले की हे विकर त्यांना प्रकाश सोडायला लावतं. अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्यात सगळं पटल कोरं दिसतं आणि १२५ किलोडाल्टनच्या आसपास एक आडवी काळी रेघ उमटते. ती बीके. ससा, शेळी, गाईचं दूध, समुद्रातली गोगलगाय आणि एक कंद, एवढ्या जिवांच्या मदतीने ती रेघ उमटलेली असते.

मेंदूचा काप घेऊन त्यावर चमकणाऱ्या रंगाचं प्रतिपिंड सोडलं तर वाहिनीचा पत्ताही मिळतो. काळ्या पार्श्वभूमीवर पेशीच्या कडेकडेने हिरवे ठिपके दिसतात. बीकेचा मोठा भाग पेशीच्या आत लोंबत असतो आणि बहुतेक प्रतिपिंडं त्याच भागावर बेतलेली असतात. म्हणून आधी पेशीच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पाडावी लागतात, नाहीतर प्रतिपिंड बाहेरच घुटमळतं आणि चित्र काळंच राहतं.

आयन वाहिन्यांची चांगली प्रतिपिंडं मिळणं फार कठीण आहे. या प्रथिनांचा पुष्कळसा भाग तेलकट पडद्यात बुडालेला असतो आणि बाहेर डोकावतात फक्त छोटे पट्टे. शिवाय या वाहिन्या इतक्या जुन्या आणि महत्त्वाच्या आहेत की माणूस, उंदीर आणि ससा यांच्यात त्या जवळजवळ सारख्याच आहेत. सशाच्या शरीराला तो तुकडा आपलाच वाटतो आणि आपल्यावर हल्ला करायचा नाही हा शरीराचा नियम आहे.

तो नियम मोडला तर काय होतं, याची कथा १९७३ सालची आहे. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांना स्नायूंवरच्या एका आयन वाहिनीसाठी प्रतिपिंड हवं होतं. मज्जातंतूकडून ॲसिटाइलकोलीन आलं की ही वाहिनी उघडते, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आखडतो. विजेचा झटका देणाऱ्या ईल माशात ती विपुल असते. तिथून त्यांनी ती शुद्ध केली आणि सशांना टोचली. हेतू एवढाच, की ओळखीचं साधन हाती यावं. काही दिवसांनी ससे लुळे पडले. मान उचलेना, पाय उचलेनात. मायस्थेनिया ग्रेविस या आजाराच्या रुग्णांना देतात तसं औषध दिलं, तर ससे काही वेळ उठून उभे राहिले.

मायस्थेनियाच्या रुग्णाच्या पापण्या दिवस कलतो तशा मिटत जातात, घास गिळवत नाही, आजार वाढला तर श्वासही जड होतो. त्याचं मूळ तोवर धूसर होतं. सशांनी ते उघड केलं: रुग्णाचं शरीर स्वतःच्याच आयन वाहिनीविरुद्ध प्रतिपिंड बनवत होतं. ओळखीचं साधन बनवायला निघालेल्या माणसांच्या हाती एका आजाराचं कारण लागलं. त्यातून रक्ताची तपासणी निघाली आणि तिच्यात पुन्हा विष आलं. तैवानच्या पट्टेरी मण्यारीच्या विषातला एक कण या वाहिनीला अचूक धरतो. त्याला किरणोत्सारी आयोडीन लावून वाहिनीवर खूण करतात, मग रुग्णाचा रक्तरस मिसळतात आणि त्यातली प्रतिपिंडं किती खुणेच्या वाहिन्या पकडून आणतात ते मोजतात. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांत ती सापडतात. आपल्या शिवारातली मण्यार ही त्या तैवानी मण्यारीची सख्खी चुलत बहीण. एकाच नळीत सापाचं विष आणि माणसाचं प्रतिपिंड एकाच वाहिनीला दोन बाजूंनी धरतात. दोघांनाही तिचा आकार आपल्या सूक्ष्मदर्शकांच्या फार आधीपासून ठाऊक होता.

मात्र या ओळखीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रतिपिंड बोलत नाही. त्याने भलत्याच प्रथिनाला धरलं तरी रेघ काळीच उमटते आणि ठिपके हिरवेच दिसतात. यावर उपाय म्हणजे ज्या उंदरात ते प्रथिन मुळातच नाही, त्याच्यावर तेच प्रतिपिंड वापरून पाहायचं. २००४ साली जर्मनीतल्या एका गटाने बीकेचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते चालताना झोकांड्या खातात. अशा उंदराच्या मेंदूत १२५ च्या आसपासची रेघ गायब झाली, तरच प्रतिपिंड खरं. रेघ तिथेही दिसली, तर त्या कुपीच्या जोरावर लिहिलेलं सगळं संशयास्पद.

ही तपासणी पुष्कळ वर्षं फार कमी लोक करत होते. २००७ साली मेंदूतल्या निकोटिनिक, म्हणजे ॲसिटाइलकोलीनने उघडणाऱ्या, वाहिन्यांच्या काही प्रचलित प्रतिपिंडांची अशी परीक्षा झाली. वाहिनी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही उंदरांत चित्र सारखंच आलं. २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी नेचर या साप्ताहिकात एकत्र आवाहन केलं, की प्रतिपिंडांची जनुकीय रचना नोंदवा आणि ती नेमक्या त्याच रूपात तयार करा. वाईट प्रतिपिंडांवर जगात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात, असा अंदाज त्यात होता. त्या पैशापेक्षा मला वाया गेलेली वर्षं जास्त टोचतात. पीएचडी करणारी एखादी मुलगी तीन वर्षं एका हिरव्या ठिपक्याच्या मागे जाते आणि ठिपका दुसऱ्याच प्रथिनाचा निघतो, हे नुकसान कोणत्याच हिशेबात येत नाही. आपल्या विद्यापीठांत असं प्रतिपिंड मागवताना किंमत आणि पोहोचायचा दिवस विचारला जातो. प्रथिन नसलेल्या उंदरावरचा पुरावाही तितक्याच आग्रहाने मागायला हवा.

आता पुन्हा लाल विंचवाकडे. बीके बंद करणारा कण त्याच्या विषात आहे, पण माणसाचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः दुसऱ्या कणांमुळे. ते मज्जातंतूंवरच्या सोडियम वाहिन्यांना धरतात आणि उघडलेली वाहिनी वेळेवर मिटू देत नाहीत. मज्जातंतू पुन्हापुन्हा पेटत राहतो. पोटॅशियमच्या वाटा बंद झाल्याने त्याला शांत होता येत नाही. ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. अंग घामाने निथळतं, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

या फेसाशी झुंजणारे डॉक्टर मराठवाड्याचेच. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. १९७० च्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचवाने रुग्ण दगावणं नित्याचं होतं. त्या काळच्या नोंदींत गंभीर रुग्णांतले पंचवीस ते तीस टक्के मरत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि आजाराचा क्रम बांधला. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांचा परिणाम थोपवणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली. त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा त्यावरचा लेख १९८६ साली लॅन्सेटमध्ये आला. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली उतरलं. २०२२ साली हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या विषावर प्रतिपिंडंही आहेत. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तरसातून ती काढतात. आपल्याकडे हाफकिनने असं प्रतिविष बनवलं. प्रयोगशाळेतलं प्रतिपिंड वाहिनीला ओळखतं, तर हे वाहिनीवर चालून येणाऱ्या विषाला रक्तातच गाठतं. ते खरंच उपयोगी पडतं का? बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर याची पारख केली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्यांसारखं नशिबावर ठरलं. उंदराच्या त्या कसोटीचंच सूत्र इथे माणसांवर लागलं: एकाकडे ती गोष्ट आहे, दुसऱ्याकडे नाही, आणि फरक मोजायचा. दहा तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण सावरले, दुसऱ्या गटातले ३२. सरासरीने दोन्ही औषधं घेणारे ८ तासांत बरे झाले, एकच घेणाऱ्यांना जवळजवळ १८ तास लागले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे छापलं.

तेलगावच्या परिसरातल्या, आणि कोयता घेऊन ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र, चिरा, दोरी यांत एक मिनिटही घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर आणखी घाई करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष शिल्लक आहे का, हे ग्रामसभेत विचारा. फडावर जायच्या आधी मुकादमालाही विचारा, की तिथून जवळचा दवाखाना कुठे आहे आणि रात्री तिथे न्यायला गाडी कोणाची.